पन्नासनं की पन्नासला? एका मॅन्युअलमधल्या ‘बाय’चं प्रकरण

उद्यमबागेतल्या एका कारखान्यातून फोन आला तेव्हा मी गोगटे सर्कलच्या अलीकडे रिक्षात होते. बाहेर बेळगावी पावसाची झड लागली होती. पलीकडून मालक बोलत होते. कारखान्यात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. “ताई, तुम्हाला रशियन येतंय म्हणे. आमचं एक मॅन्युअल बिघडलंय. जरा येऊन बघता का?”

यंत्र बिघडतं तसं मॅन्युअल बिघडतं, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. पुढच्या तीन आठवड्यांत पटलं की अण्णांचा शब्द अगदी बरोबर होता. हे प्रकरण मी सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण इंग्रजीतून रशियनमध्ये जाताना मराठी माणसाच्या हातात काय असतं आणि तो कुठे घसरतो, हे मला इतकं स्वच्छ आधी कधी दिसलं नव्हतं. रशियन शब्द इथे देवनागरीत, जसे लिहितात तसे दिले आहेत. उच्चार थोडे वेगळे होतात.

झालं होतं ते असं. कारखाना हायड्रॉलिक प्रेस बनवतो. दोन प्रेस कझाकस्तानला गेले होते. युरेशियन आर्थिक संघात, म्हणजे रशिया, बेलारूस, कझाकस्तान, आर्मेनिया आणि किर्गिझस्तानात, यंत्र विकायचं तर त्याच्यासोबत रशियन भाषेतलं वापराचं पुस्तक द्यावं लागतं. २०११ सालच्या यंत्रसुरक्षेच्या नियमातली ती अट आहे. म्हणून अण्णांनी इंग्रजी मॅन्युअलचं रशियन करून घेतलं होतं. ते केलं आमच्याच भागातल्या एका मुलाने. तो रशियात वैद्यकीय शिकून आलेला. त्याची बोलण्यातली रशियन माझ्यापेक्षा वाहती आहे. त्याने आधी संगणकाकडून मजकूर काढून घेतला आणि मग कानाला खटकेल ते दुरुस्त केलं.

पहिला प्रेस बसवला त्याच दिवशी सिलिंडरच्या रॉडचं सील जळालं. तेल गळायला लागलं. कुणाला इजा झाली नाही. तिकडच्या फिटरने पत्रात एवढंच लिहिलं की, आम्ही तुमच्या पान १४ प्रमाणे केलं. सोबत पान १४ चा फोटो आणि एका ओळीखाली निळ्या पेनची रेघ.

ती ओळ इंग्रजीत अशी होती: ‘रिड्यूस द रिलीफ वॉल्व्ह सेटिंग बाय फिफ्टी बार.’ रशियनमध्ये: ‘स्निझित् नास्त्रोय्कु क्लापाना ना ५० बार.’ रिलीफ वॉल्व्ह म्हणजे दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की तेल सोडून देणारी झडप, आणि बार हे दाबाचं माप.

अण्णांच्या केबिनमध्ये इंजिनियर, हिशेब बघणारे काका आणि तो डॉक्टर मुलगा, सगळे बसले होते. मुलाचा चेहरा उतरलेला. सगळ्यांची समजूत अशी की रशियनमध्ये काहीतरी उलटंपालटं झालंय आणि मी ते शोधून दाखवणार. मी ओळ वाचली, पुन्हा वाचली आणि म्हटलं, “ह्या ओळीचं भाषांतर बरोबर आहे.”

रशियनमध्ये एखादी गोष्ट ‘इतक्याने’ कमी-जास्त करायची असेल तर ‘ना’ हा शब्द येतो. ‘इतक्यापर्यंत’ आणायची असेल तर ‘दो’ येतो. इंग्रजीत तेच काम ‘बाय’ आणि ‘टू’ करतात. इंग्रजीत ‘बाय फिफ्टी’ आहे, रशियनमध्ये ‘ना ५०’ आहे. त्या मुलाची तसूभर चूक नव्हती. वॉल्व्ह मुळात २०० बारवर बसवलेला असतो. फिटरने तो ५० ने उतरवला, म्हणजे १५० वर ठेवला आणि पंप चालू केला.

मग ५० ने उतरवायचं होतं की ५० वर आणायचं होतं? केबिनमध्ये कुणालाच खात्रीने सांगता येईना. इंजिनियर म्हणाला, “मामांना बोलवा.”

मामा म्हणजे फोरमन. खानापूरकडचे. घरी मराठी, बैलहोंगलकडच्या कामगारांशी कन्नड, वेल्डरांशी हिंदी. तीस-एक वर्षं हायड्रॉलिकमध्ये काढलेला माणूस. हातातली कापडाची चिंधी खिशात कोंबत ते दारात उभे राहिले. मी म्हटलं, “मामा, मॅन्युअल बाजूला ठेवू. नवा सिलिंडर पहिल्यांदा चालू करताना काय करायचं, ते तुमच्या तोंडानं सांगा.”

“पैल्यांदा वॉल्व्ह सैल करायचा. दोनशेवरनं पन्नासला आणायचं. मग पंप चालू. रॉड चार-पाच येळा वर-खाली करायचा, आतली हवा जाईपतोर. मग पंचवीस-पंचवीसनं चढवत न्यायचं.”

“पन्नासनं की पन्नासला?”

“पन्नासला की ओ ताई! पन्नासनं उतरवून काय उपयोग? दीडशेला हवा दाबली की पेटतंय ते आत.”

मामांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. नव्या सिलिंडरमध्ये हवा अडकलेली असते. दाब एकदम वाढला की हवेचे बुडबुडे झटक्यात दाबले जातात, प्रचंड तापतात आणि भोवतीच्या तेलाची वाफ पेटते. डिझेल इंजिनात जे मुद्दाम घडवतात तेच इथे नको तिथे घडतं आणि सीलची कड जळते. म्हणून हवा काढायची ती कमी दाबावर.

म्हणजे चूक इंग्रजीत होती. ती तिथे शिरली कशी, हे इंजिनियरला विचारल्यावर त्याने लॅपटॉप उघडून सरळ दाखवलं. त्याने पाचवी पायरी आधी लिहिली होती, ‘इन्क्रीज बाय ट्वेंटी-फाइव्ह बार’. तेच वाक्य कॉपी करून वर चिकटवलं, ‘इन्क्रीज’चं ‘रिड्यूस’ केलं, पंचवीसचे पन्नास केले. ‘बाय’ तसाच राहिला. इतका लहान शब्द की डोळा त्याच्यावरून घसरतो.

मामांचं ‘पन्नासला’ हे खास आमच्याकडचं आहे. पुण्याचा माणूस ‘पन्नासवर आणा’ म्हणेल. इथे शेजारी उभा राहिलेला कन्नड कामगार तीच गोष्ट ‘ऐवत्तक्के’ म्हणतो. तो ‘क्के’ म्हणजे कन्नडची चतुर्थी. एका बाकावर बसून जेवणाऱ्या दोन भाषांनी एकमेकींचं वळण उचललं आहे. मला ह्यात गंमत नाही, फायदा दिसतो. ‘पन्नासनं’ आणि ‘पन्नासला’ हे दोन्ही कानाला इतके वेगळे लागतात की घोटाळा होणं अवघड. घोटाळा झाला तो हे सगळं इंग्रजीच्या सुटसुटीत ‘बाय’मध्ये भरताना.

तेव्हाच ठरवलं की सगळं मॅन्युअल पुन्हा तपासायचं आणि तेही इंग्रजी-रशियन असं नाही. प्रत्येक ‘बाय’पाशी थांबायचं, मामांकडून ते वाक्य मराठीत बोलवून घ्यायचं आणि मग रशियन बघायचं. मी पेनने खुणा केल्या, ४३ निघाल्या.

पंचवीस-पंचवीसनं

सुरुवात केली ती त्याच पानावर खाली असलेल्या खुणेपासून. ‘इन्क्रीज बाय ट्वेंटी-फाइव्ह बार अ‍ॅट अ टाइम.’ रशियन मजकुरात होतं ‘उवेलिचित् ना २५ बार’. इथे ‘ना’ चुकलेला नाही, तरी वाक्य चुकलेलं आहे. ‘उवेलिचित्’ हे क्रियापद एकदा करून संपवायच्या कामाचं आहे. वाचणाऱ्याला वाटेल, एकदा २५ चढवा आणि थांबा. ‘अ‍ॅट अ टाइम’ वाटेत गळून गेलं होतं.

मामांनी ते कसं म्हटलं होतं? ‘पंचवीस-पंचवीसनं.’ मराठीत आकडा दोनदा म्हटला की पुनःपुन्हा, टप्प्याटप्प्याने, हा सगळा अर्थ आला. रशियनमध्ये आकडा दोनदा म्हणत नाहीत, पण नेमक्या ह्याच कामासाठी त्यांच्याकडे ‘पो’ आहे. ‘पोविशात् दाव्लेनिए स्तुपेन्यामी पो २५ बार.’ पायऱ्यांनी, पंचवीस-पंचवीसच्या. ‘पोविशात्’ हे क्रियापद करत राहायच्या कामाचं. मुलांना लाडू एकेक वाटले, हेही रशियन माणूस ‘पो’नेच सांगतो. इंग्रजीतून सरळ गेलं तर हा ‘पो’ सुचायला वेळ लागतो. ‘पंचवीस-पंचवीसनं’ कानात असेल तर तो आपोआप पुढे येतो.

माझा सगळा मुद्दा इथे आहे, म्हणून जरा थांबते. शाळेत आम्हाला इंग्रजी शिकवताना शब्दाला शब्द लावून दिला जायचा. ‘बाय’ म्हणजे ने, ‘विथ’ म्हणजे सह, ‘ऑफ’ म्हणजे चा. पुढे पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकायला गेले तेव्हा डोक्यात तीच रांग होती. रशियन शिकताना मी मनात आधी इंग्रजी वाक्य बनवायचे. वर्षभर अडखळत होते. एका संध्याकाळी विभक्ती घोकताना लक्षात आलं की ही तर आपली तृतीया आहे. ने, ए, शी. हातोड्याने ठोकलं: ‘मोलोत्कोम’. सुरीने कापलं: ‘नोझोम’. हातांनी: ‘रुकामी’. शब्दाच्या आधी काही लावायचं नाही, शेपूट बदलायचं. इंग्रजी माणसाला हे शिकायला कष्ट पडतात, कारण त्याच्याकडे शेपूटच नाही. आपण ते शेपूट आईच्या मांडीवर शिकलोय आणि तरी इंग्रजीच्या दारातून वळसा घालून जातो.

पण तृतीया म्हटलं की सगळं सुटलं, असंही नाही. आपला ‘ने’ फार कामाचा आहे. हातोड्याने ठोकलं, रेल्वेने आलो, दोन वर्षांनी मोठा, नावाने हाक मारली, टपालाने पाठवलं. रशियनमध्ये ही एकाच घरातली भावंडं वेगवेगळ्या गावी राहतात. हातोडा तृतीयेत जातो. दोन वर्षांनी मोठा, इथे ‘ना’ येतो. नावाने म्हणजे ‘पो इमेनी’. टपालाने म्हणजे ‘पो पोच्ते’, किंवा नुसती तृतीया. शेजारचा कन्नड माणूस ‘इंद’ लावतो तेव्हा तर हाताने ‘कैयिंद’ आणि गावाहून ‘ऊरिंद’ हे दोन्ही एकाच प्रत्ययात बसतात. म्हणून मराठी वाक्य हे उत्तर नव्हे. ते काय विचारायचं ते सांगतं: हे साधन आहे, फरक आहे, मार्ग आहे, की धरायची जागा आहे?

आयबोल्टला धरून

धरायची जागा, ह्याचं उदाहरण पान ६ वर निघालं. ‘लिफ्ट द पॉवर पॅक बाय द आयबोल्ट्स ओन्ली.’ पॉवर पॅक म्हणजे पंप-मोटरचा संच, आयबोल्ट म्हणजे डोक्याला कडी असलेला बोल्ट. रशियन मजकूर सांगत होता, आयबोल्टांच्या मदतीने उचला. वाचणाऱ्याला कळलं असतं बहुधा. पण ‘मदतीने’ म्हटलं की आयबोल्ट हे साधन झालं. वाक्याचा जीव आहे तो ‘इथेच धरा, पंपाला किंवा पाइपला साखळी घालू नका’ ह्यात. मामा म्हणाले, “आयबोल्टला धरूनच उचलायचं.” मराठीत इथे ‘ने’ येतच नाही. हाताला धरून आणलं, शेपटीला धरून ओढलं, कानाला धरून उभं केलं. आणि रशियनमध्येही इथे तृतीया नाही. ‘झा’ येतो. हाताला धरून म्हणजे ‘झा रुकु’. तेव्हा ओळ झाली: ‘पोद्निमात् तोल्को झा रीम-बोल्ती.’ आयबोल्टला रशियनमध्ये ‘रीम-बोल्त’ म्हणतात. इंग्रजीतला एकच ‘बाय’, पण मराठी आणि रशियन दोघींनी न सांगता तो साधनापासून वेगळा काढला.

पाइपजोडणीची ओळ आणखी मजेदार होती, एकाच वाक्यात दोन ‘बाय’ आणि एक ‘विथ’. ‘टाइटन द नट बाय हँड, देन बाय हाफ अ टर्न विथ अ स्पॅनर.’ आधीच्या भाषांतरात शेवटी ‘स क्ल्युचोम’ आलं होतं. ‘स’ म्हणजे सोबत. अर्धा फेर फिरवा, पाना सोबत घेऊन. शाळेतलं ‘विथ म्हणजे सह’ इथे रशियनमध्ये जाऊन बसलं होतं. हवा होता नुसता ‘क्ल्युचोम’, पान्याने. रशियन शिकणाऱ्या प्रत्येक इंग्रजीवाल्याकडून होणारी ही चूक आहे. मराठी माणसाने ती करू नये, कारण ‘हातोड्यासह खिळा ठोकला’ असं आपण जन्मात म्हणत नाही.

पहिल्या ‘बाय’ला, म्हणजे हाताने आवळण्याला, रशियन फिटरांचा स्वतःचा शब्द आहे: ‘ओत रुकी’. हत्यार न लावता, बोटांच्या जोराने जाईल तेवढं. ‘रुकोय’ म्हटलं तर फक्त ‘हाताने’ इतकंच होतं, कितपत आवळायचं हे त्यात नाही. मधल्या ‘बाय’ला मराठीत काहीच लागत नाही. मामा म्हणाले, “हातानं आवळा, मग पान्यानं अर्धा फेर.” रशियनमध्ये मात्र ‘ना’ लागतो, शिवाय क्रियापद बदलतं: ‘दोव्येर्नुत्’. ह्या क्रियापदाच्या डोक्यावर तोच ‘दो’ आहे, पोचेपर्यंतचा. राहिलेलं फिरवून पुरं करा. पूर्ण ओळ अशी: ‘झात्यानुत् गाय्कु ओत रुकी, झातेम दोव्येर्नुत् क्ल्युचोम ना पोल-ओबोरोता.’ ही ओळ मी डॉक्टर मुलाला मोठ्याने वाचून दाखवली. तो म्हणाला, “तिकडं हॉस्टेलमध्ये नळ दुरुस्त करायला यायचे, ते हुबेहूब असं बोलायचे.” इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला.

मापं पटकन उरकली. ‘सहाशे बाय चारशे’चा पाया: रशियनमध्ये ‘६०० ना ४००’. इथे मामांनी मराठी सांगितलंच नाही. ‘सहाशे बाय चारशे’ असंच म्हणाले, आणि ते मराठीच आहे. दहा बाय दहाच्या खोलीत वाढलेल्या माणसाला तो शब्द परका वाटत नाही. ‘ड्रॉइंगप्रमाणे’ला ‘पो चेर्तेझु’. ‘डोळ्यांनी तपासा’ला मुलाने ‘ना ग्लाझ’ घातलं होतं. त्याचा अर्थ होतो अदमासे, नजरेच्या अंदाजाने. तडा आहे की नाही हे अदमासे बघायचं नसतं, म्हणून तिथे ‘व्हिझुआल्नो’ केलं. आणि बायपास वॉल्व्हला ‘पेरेपुस्क्नोय क्लापान’, म्हणजे वाजवीपेक्षा जास्त झालेलं पलीकडे सोडून देणारा. ‘हलगा-मच्छे बायपास’मधल्या बायपासला रशियन माणूस वेगळंच म्हणतो, ‘ओब्येझ्द’, वळसा. तेल असो की गाड्या, आपण एकाच शब्दात बसवतो.

सोमवारपर्यंत

आता जिथे मराठीनेच फसवलं ते सांगते, कारण हे सांगितलं नाही तर वरचं सगळं अर्धवट राहील.

हे मॅन्युअलमध्ये नव्हतं. दुसरा प्रेस अजून तिकडे खोक्यात होता आणि तो सुरू करू नका, आम्ही सुधारलेली पानं पाठवतो, असं तातडीने कळवायचं होतं. अण्णा मराठीत म्हणाले, “सोमवारपर्यंत प्रेस बंद ठेवा म्हणावं.” इंजिनियरने त्याचं इंग्रजी केलं: ‘किप द प्रेस क्लोज्ड बाय मंडे.’ संगणकाने त्याचं रशियन केलं आणि त्यात आलं ‘क पोनेदेल्निकु’.

मी ते पाहिलं आणि अंगावर काटा आला. ‘क पोनेदेल्निकु’ म्हणजे सोमवार येईल तेव्हा काम झालेलं असावं. त्या वाक्याचा अर्थ होत होता: सोमवार उजाडेपर्यंत प्रेस बंद करून टाका. तोवर चालवला तरी चालेल. नेमकं उलट.

दोष आपल्या ‘पर्यंत’मध्ये आहे. ‘सोमवारपर्यंत पैसे द्या’ आणि ‘सोमवारपर्यंत थांबा’, दोन्हीला आपण एकच शब्द वापरतो. पहिल्यात सोमवार ही शेवटची मुदत आहे, काम त्याआधी कधीही एकदा होईल. दुसऱ्यात सोमवारपर्यंत काम चालूच राहायचं आहे. इंग्रजी इथे ‘बाय’ आणि ‘टिल’ असे दोन शब्द ठेवते. रशियन ‘क’ आणि ‘दो’ ठेवते. मराठी संदर्भावर सोडते, आणि घरात, गल्लीत, बँकेतही संदर्भ पुरतो. पत्रात पुरला नाही. मी ओळ बदलली: ‘दो पोनेदेल्निका प्रेस ने व्क्ल्युचात्.’ सोमवारपर्यंत प्रेस चालू करू नये.

मराठीत हा फरक दाखवायचाच असेल तर सोय आहे. मुदतीसाठी ‘सोमवारच्या आत’ म्हणा. इथे कन्नडमध्येही ‘सोमवारदोळगे’, म्हणजे सोमवारच्या आत, असंच म्हणतात, आणि आमच्या बाजारात मराठी माणसाच्या तोंडीही ते सर्रास आहे. अण्णांना मी तेवढी एक सवय लावून घ्यायला सांगितली. मुदत असेल तर ‘आत’, थांबायचं असेल तर ‘पर्यंत’. वॉरंटी कार्डवर तेच झालं. ‘बाय थर्टी डेज’चं मामांनी ‘तीस दिवसांच्या आत’ केलं आणि रशियनमध्ये ‘व तेचेनिए ३० द्नेय’ गेलं.

खुशाल विचारा

वाक्प्रचार मॅन्युअलमध्ये थोडेच असतात. सोबतच्या पत्रात मात्र एक बसला होता. इंजिनियरने आदराने शेवटी लिहिलं होतं, ‘बाय ऑल मीन्स कॉन्टॅक्ट अस’. रशियनमध्ये ते ‘व्सेमी स्रेद्स्त्वामी’ झालं होतं, म्हणजे हाती असतील ती सर्व साधनं वापरून आमच्याशी संपर्क साधा. जणू बेळगावला फोनच लागत नाही. मराठीत ह्याला एक सुरेख शब्द आहे: खुशाल. काही अडलं तर खुशाल विचारा. त्यातली मोकळीक रशियनमध्ये ‘पोझालुय्स्ता, ओब्राश्चाय्तेस्’ ह्यात येते. त्यात ‘बाय’ नाही, ‘साधन’ नाही, काहीच नाही.

वाक्प्रचार असेच न्यावे लागतात, अख्खे. त्या मुलाला हे पटावं म्हणून मी एका जुन्या वहीतली पानं त्याला दिली. ‘बाय हार्ट’ म्हणजे इंग्रजीत हृदय. मराठीत तोंडपाठ, आणि रशियनमध्ये ‘नाइझुस्त्’, ज्याच्या पोटात ‘उस्ता’, म्हणजे तोंड, हाच जुना शब्द आहे. ‘बाय साइट’ ओळखतो, म्हणजे इंग्रजीत नजर. मराठीत तोंडओळख, रशियनमध्ये ‘व लित्सो’, चेहऱ्याने. दोन्ही ठिकाणी आपण रशियनच्या जवळ बसलेलो आणि इंग्रजी लांब. ‘बाय मिस्टेक’ला रशियन ‘पो ओशिब्के’ म्हणते, आपण नामाला हातच लावत नाही, क्रियापदाला ‘ऊन’ लावून मोकळे होतो: चुकून. ‘बाय अँड लार्ज’ हा मुळात शिडाच्या जहाजांवरचा बोल. आज तो एकंदरीत, रशियनमध्ये ‘व ओब्श्चेम इ त्सेलोम’. त्यातला ‘बाय’ शोधत बसणाऱ्याच्या हाती समुद्राचं वारंसुद्धा लागणार नाही.

सुधारलेलं पान

पान १४ ची ओळ शेवटी आम्ही ‘ना’ किंवा ‘दो’ ह्यांच्यापैकी एकट्यावर सोडली नाही. मामा पहिल्या दिवशीच उत्तर देऊन गेले होते: ‘दोनशेवरनं पन्नासला.’ रशियनमध्ये ‘स २०० दो ५० बार’. दोन्ही टोकं लिहिली की मधला फरक वाचणाऱ्याने काढायची गरज नाही आणि शब्द चुकला तरी आकडे सांभाळून घेतात. इंग्रजीतही तसंच केलं, ‘फ्रॉम टू हंड्रेड टू फिफ्टी’. जिथे जिथे दाब, अंतर किंवा तापमान बदलायचं होतं तिथे हीच पद्धत लावली.

ह्या कामाचे पैसे अण्णांनी दिले, शिवाय कुंद्याचा डबा दिला. डॉक्टर मुलाची माफी त्यांनी सगळ्यांसमोर मागितली. मला ते फार बरं वाटलं. भाषांतर करणाऱ्याच्या वाट्याला दोष लगेच येतो, पण दोष काढून घेतला जाताना बहुधा कुणी हजर नसतं.

सुधारलेली पानं गेली. दुसरा प्रेस लागला. तिकडच्या फिटरने गेजचा फोटो पाठवला, काटा बरोबर ५० वर. फोटोसोबत पान ३१ चाही फोटो होता आणि एका ओळीखाली पुन्हा तीच निळी रेघ. ओळ तेलाच्या तापमानाची. मजकूर म्हणत होता, तापमान ६० अंशांनी वाढू देऊ नये. माझ्या ४३ खुणांमध्ये ती होती. मी तिच्यापाशी थांबले होते, ‘ना ६०’ बरोबर आहे असं ठरवलं होतं आणि पुढे गेले होते. त्या दिवशी मामा रजेवर होते, म्हणून एवढी एक ओळ त्यांच्याकडून बोलवून घ्यायची राहिली होती.

मी त्यांना फोन लावला. मागे ग्राइंडरचा आवाज येत होता.

“मामा, तेलाचं तापमान. साठनं की साठला?”

“दोन्ही न्हवं ताई. साठच्या वर जाऊ द्यायचं न्हाई.”

‘ना’ खोडून मी तिथे ‘वीशे’ लिहिलं, ‘वीशे ६०’, साठच्या वर, आणि पान ३१ पुन्हा पाठवलं.